बंडखोर की मुकादमाचा गडी?

गेल्या उन्हाळ्यात तरुण कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात नव्या तंत्रज्ञानावर चर्चा चालू असताना एका तरुण साथीने असे प्रतिपादन केले की, आजच्या युगातील खरा भूमिगत क्रांतिकारक म्हणजे हॅकर होय. त्याला ना संघटना लागते, ना वर्गणी, ना सभा, ना मोर्चा. एक संगणक आणि एक तल्लख डोके एवढ्या सामग्रीवर तो बलाढ्य कंपन्यांच्या तिजोऱ्या उघडतो आणि उजाडण्याआधी नाहीसा होतो. साताऱ्याच्या पत्री सरकारचा वारसा आज कोणाकडे असेल तर तो त्याच्याकडे आहे, असेही तो म्हणाला. पुराव्यादाखल त्याने पुढे केला तो 'अपलिंक' नावाचा संगणकावरील एक जुना इंग्रजी खेळ.

ज्येष्ठांपैकी एकाने हा सारा साहेबी पोरखेळ असल्याचे जाहीर केले, चार जण हसले आणि चहाची वेळ झाली. मला ते हसणे खटकले. तरुण साथीचे म्हणणे चूक आहे, असे माझे मत तेव्हाही होते व आजही आहे. परंतु ज्या गोष्टींत नव्या पिढीच्या रात्रीच्या रात्री जातात आणि ज्यांतून तिची बंडाची कल्पना घडते, त्या गोष्टी न पाहताच निकालात काढणे हा आपल्या चळवळीचा जुनाच दुर्गुण आहे. सिनेमाच्या बाबतीत आपण हेच केले आणि ते क्षेत्र दुसऱ्यांच्या हवाली करून मोकळे झालो. म्हणून मी त्या साथीकडून तो खेळ माझ्या संगणकावर लावून घेतला आणि तीन आठवडे, घरच्यांच्या थट्टेला न जुमानता, खेळलो. अर्थशास्त्राच्या मास्तराची सवय म्हणून शेजारी एक वही ठेवली. काम कोणी दिले, कोणाविरुद्ध दिले, मोबदला किती मिळाला व हत्यारांवर खर्च किती झाला, हे तीत लिहीत गेलो. पुढील विवेचन त्या वहीच्या आधारे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही (आणि आपल्या वाचकांत ते बहुसंख्य असणार), त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. 'अपलिंक' २००१ साली इंग्लंडमध्ये निघाला. 'इंट्रोव्हर्जन' ही तो काढणारी कंपनी म्हणजे लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील काही विद्यार्थीमित्रांचे बिऱ्हाड. ख्रिस डिले हा त्यांतील मुख्य रचनाकार. खेळातील काळ २०१० सालचा आहे. म्हणजे तेव्हाचे भविष्य आज आपल्या मागे पडले आहे, आणि त्यामुळेच त्याला एक जुनाट गोडवा आला आहे. पडद्यावर निळसर अंधार, जगाचा नकाशा आणि त्यावर शहरांना जोडणाऱ्या रेषा. बंदूक नाही, धावपळ नाही, माणसाचा वावर नाही. खेळणारा हा एक निनावी 'एजंट'. तो दूरच्या एखाद्या शहरातील स्वतःच्या यंत्रावरून अनेक संगणकांचे वळसे घेत दुसऱ्याच्या संगणकात शिरतो, परवलीचा शब्द फोडतो, कागद चोरतो किंवा नष्ट करतो आणि आपल्या येण्याजाण्याची नोंद पुसून निघून येतो. तो आत असताना पलीकडून माग काढणे चालू असते. माग जवळ येऊ लागला की यंत्रातून टिक् टिक् आवाज येतो व तो जलद होत जातो. त्या आवाजाने माझ्यासारख्या सेवानिवृत्त माणसाचीही छाती धडधडली, हे मी कबूल करतो. खेळ म्हणून तो उत्तम आहे.

परंतु पहिल्याच दिवशी वहीत जे लिहावे लागले ते असे: हा एजंट एका कंपनीचा नोंदणीकृत माणूस आहे. खेळाचे नाव हेच त्या कंपनीचे नाव. तिच्या फलकावर कामांची यादी लागते. प्रत्येक कामाची रक्कम ठरलेली. काम पुरे झाल्याचा पुरावा धाडला की पैसे, नाहीतर काही नाही. पगार नाही, रजा नाही, आजारपण नाही. कामे देणाऱ्या असतात कंपन्या, आणि 'अपलिंक' ही दोघांच्या मध्ये बसलेली. ऊसतोडीच्या पट्ट्यातील कोणाही कार्यकर्त्याला हा मध्ये बसलेला गृहस्थ कोण, हे सांगावे लागणार नाही. कारखान्याच्या दप्तरी तोडणी करणाऱ्या जोडप्याचे नाव नसते. नाव असते मुकादमाचे. काम टनावर, जबाबदारी कोयत्यावर आणि अपघात झाला तर 'हा आमचा माणूसच नव्हे' असे म्हणायला दोघेही मोकळे.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात नगावरच्या मजुरीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. भांडवलशाहीला सर्वांत मानवणारी मजुरीची पद्धत हीच, असा त्याचा निष्कर्ष आहे. या पद्धतीत कामगार स्वतःच स्वतःवर देखरेख करतो, आपण होऊन तास वाढवतो, शेजाऱ्याशी स्पर्धा करतो, आणि मालक व मजूर यांच्यामध्ये श्रम पोटभाड्याने देणारा मध्यस्थ सहज शिरतो. हे विवेचन १८६७ सालचे आहे. आमचा निनावी एजंट त्यात चपखल बसतो. तो रात्र रात्र जागतो, आणि जागायला त्याला कोणी सांगितलेले नसते.

हत्यारांचे प्रकरण याहून बोलके आहे. हॅकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्वतःच्या बुद्धीने आज्ञावली लिहिणारा कारागीर येतो. या खेळात एजंट एक ओळही लिहीत नाही. परवलीचा शब्द फोडणारे हत्यार, माग सांगणारे हत्यार, नोंद पुसणारे हत्यार, ही सारी त्याला कंपनीच्याच दुकानातून रोख पैसे देऊन घ्यावी लागतात. खात्यावर सुरुवातीला ३,००० क्रेडिट असतात ते बघता बघता या हत्यारांत जातात. काम कठीण झाले की जुने हत्यार चालत नाही. नवी आवृत्ती घ्यायची. जलद यंत्र हवे, जास्त स्मृती हवी, तीही विकतच. माझ्या वहीत पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मिळकतीचा फार मोठा भाग त्याच दुकानात परत गेलेला दिसतो. चहामळ्याच्या दुकानात उधारीवर धान्य घेणाऱ्या मजुराची कथा आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवली. तिचे इतके नीटस चित्र एखाद्या खेळात सापडेल, असे वाटले नव्हते. आणि कौशल्याचे काय? हॅरी ब्रेव्हरमनने १९७४ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, मक्तेदारी भांडवल कामातली कल्पना काढून घेते आणि हातांजवळ फक्त अंमलबजावणी ठेवते. या एजंटाजवळ उरते ती योग्य वेळी योग्य बटण दाबण्याची चपळाई. तिलाच आमचा तरुण साथी तल्लख डोके म्हणतो.

त्यावर श्रेणी आहे. कामे यशस्वी करीत गेले की एजंटाची श्रेणी चढते आणि वरच्या श्रेणीला मोठी कामे खुली होतात. अगदी वरच्या पायरीचे नाव 'टर्मिनल'. खेळात सदसद्विवेकाची एक वेगळी मोजपट्टीही आहे, हे मी मान्य करतो. तिला विल्यम गिब्सनच्या १९८४ सालच्या कादंबरीवरून 'न्यूरोमान्सर' असे नाव दिले आहे. पण काम मिळते ते पहिल्या श्रेणीवर. (गिब्सनचा नायकही भाडोत्रीच होता, हे त्या कादंबरीचे गोडवे गाणारे विसरतात.) पुण्यात घरोघर जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या कोणाही पोराला विचारा. तारे कमी झाले तर काय होते आणि 'आयडी ब्लॉक' झाली म्हणजे काय होते, हे तो सांगेल. खेळातही तेच होते. माग लागला की कंपनी एजंटाशी असलेले नाते जाहीरपणे नाकारते, त्याचे यंत्र जप्त होते, खाते बंद होते आणि तो डाव पुन्हा उघडता येत नाही. माझ्यावर ही पाळी तिसऱ्याच दिवशी आली. एका मधल्या संगणकावरील नोंद पुसायची मी विसरलो होतो.

आता कामे कोणाविरुद्ध, हे पाहू. तरुण साथीच्या मते हा एजंट बलाढ्यांच्या विरुद्ध लढतो. माझी वही वेगळे सांगते. एका कंपनीसाठी दुसऱ्या कंपनीचे संशोधन चोरणे. एखाद्याच्या शैक्षणिक नोंदीत फेरफार करणे. एखाद्याची आर्थिक माहिती काढून देणे. एखाद्याच्या नावावर खोटा गुन्हा चढवणे. दुसऱ्या एजंटाचा माग काढून त्याचे नाव कळवणे. आपण केलेल्या घुसखोरीचा आळ नोंदी बदलून भलत्याच माणसावर आणणे. मला मिळालेल्या कामांत एकही काम कामगार संघटनेने दिलेले नव्हते, भाडेकरूंनी दिलेले नव्हते, बेकारांनी दिलेले नव्हते. कसे असेल? दर त्यांना परवडणारा नाही. श्रीमंताने श्रीमंताविरुद्ध आणि श्रीमंताने एकट्यादुकट्या माणसाविरुद्ध करावयाच्या कारवाया, एवढाच या व्यवसायाचा आवाका आहे. खेळाच्या उत्तरार्धात एक महामंडळ इंटरनेट उद्ध्वस्त करणारा विषाणू तयार करते व दुसरे त्यावर उतारा तयार करते. एजंटाने कोणाच्या बाजूने जायचे ते ठरवायचे, किंवा बाजूला राहायचे. जगाच्या भवितव्याचा प्रश्न आला तरी निवड दोन धन्यांमधली!

येथे खेळाच्या कर्त्यांना न्याय दिला पाहिजे. मला त्यांचा राग नाही. त्यांनी खोटे चित्र रंगवलेले नाही. उलट, बंडाचा मुलामा खरवडला तर आत काय निघते, हे त्यांच्या खेळाइतके स्पष्ट कोणी दाखवले नसेल. आणि गंमत अशी की, ते स्वतः या एजंटासारखे वागले नाहीत. मोठ्या प्रकाशकांचे पैसे घेऊन त्यांच्या तंत्राने चालायचे त्यांनी नाकारले, ही गोष्ट ते अभिमानाने मिरवीत. आपली आज्ञावली त्यांनी आपल्या हाती ठेवली. उत्पादनसाधनांवर मालकी असली म्हणजे स्वातंत्र्य कसे येते, हे त्यांना उमगले होते. खेळणाऱ्याला मात्र ते साधन देण्याची सोय खेळात नाही. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली आज्ञावली सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता यावी म्हणून मुक्त प्रणालीचे काम जाहीर केले. हॅकर या शब्दाचा मूळ अर्थ जपणाऱ्यांपैकी तो एक होता, आणि त्याच्या कामात कोणाच्या घरात शिरण्याची गरज पडली नाही. आमच्या अभ्यासवर्गात त्याचे नाव कोणी घेतले नाही. बहुधा त्यात टिक् टिक् नसल्यामुळे.

खेळ हा खेळ आहे, प्रत्यक्षाशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. म्हणून पुण्याचेच उदाहरण घेऊ. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या व्यवहारयंत्रणेत शिरकाव करून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुटण्यात आली. ११ ऑगस्टला बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून पैसे निघत होते. १३ तारखेला जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगमधील एका बँकेच्या खात्यात वळते झाले. तंत्र पाहिले तर 'अपलिंक'चीच मोठी आवृत्ती: अनेक देशांचे वळसे, ठरलेली घटका, मागे राहिलेली कोडी. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. ते कोण होते? कार्डे घेऊन यंत्रांपुढे उभे राहिलेल्या साखळीतले. ज्यांनी यंत्रणा फोडली ते सूत्रधार त्या अकरांत नव्हते. हमाल सापडला, मुकादम व धनी पसार. आणि फटका कोणाला? खेळातल्या बँकेत खात्यांना आकडे असतात, खातेदार नसतात. सहकारी बँकेला सभासद असतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, छोटे दुकानदार असतात. या लुटीला भांडवलशाहीवरचा घाव म्हणायची माझी तयारी नाही. तरुण साथीची असेल असेही मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण याहून कडू आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी बचावपक्षाच्या विनंतीवरून 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकन संस्थेने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उजेडात आलेल्या तिच्या अहवालाचे म्हणणे असे की, २०१६ च्या जूनपासून बावीस महिन्यांपर्यंत त्या संगणकात परक्या हाताचा वावर होता आणि ज्या पत्रांवर आरोपांची भिस्त होती ती एका लपवलेल्या कप्प्यात बाहेरून ठेवली गेली होती. तपासयंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही आणि न्यायालयाचा निर्णय व्हायचा आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन यांना जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षांहून अधिक कारावास घडलेला होता व खटला उभाही राहिलेला नव्हता. ज्या दिवशी मी खेळात एका अनोळखी नावावर गुन्हा चढवण्याचे काम पुरे केले आणि खात्यात पैसे जमा झाले, त्या दिवशी मला हे आठवले. वहीत त्या कामापुढे मी रक्कम लिहिली नाही. घुसखोरीची विद्या बाजारात विकायला ठेवली की तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण असणार? ज्याच्याजवळ तिजोरी आहे आणि ज्याला विरोधक नकोसे आहेत तो. २०२१ च्या जुलैत 'पेगासस'चे प्रकरण जगभर गाजले तेव्हा ते हत्यार विकणाऱ्या इस्रायली कंपनीनेच सांगितले होते की, आम्ही फक्त सरकारांना विकतो.

तरुण साथीने पत्री सरकारचे नाव घेतले, म्हणून त्याविषयीही बोलणे भाग आहे. तिजोरी फोडण्याचे काम आपल्या लोकांनीही केले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी व त्यांच्या साथींनी सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास होती. वेषांतर, टेहळणी, ठरलेली घटका, माग चुकवणे, हे सारे त्यातही होते. परंतु ते काम कोणी फलकावर लावलेले नव्हते. ते चळवळीने ठरवले आणि चळवळीसाठीच केले. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत राहिले आणि ब्रिटिशांच्या हाती लागले नाहीत. त्यांचा माग चुकवणारे वळसे माणसांचे होते. आज या वाडीत, उद्या त्या मळ्यात. कोणी भाकरी दिली, कोणी पहारा केला, कोणा म्हातारीने फौजदाराला तोंड भरून खोटे सांगितले. त्यांपैकी एकानेही तोंड उघडले असते तर सारे संपले असते. एजंट ज्या संगणकांवरून वळसे घेतो त्यांना तो कोण आहे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक नसावे हीच त्याची सुरक्षितता. कुंडलच्या शेतकऱ्याला आपल्या घरात कोण निजले आहे हे पुरते ठाऊक होते. एकट्याच्या बंडाचे कौतुक करणाऱ्यांनी या दोन वळशांतला फरक मला समजावून सांगावा.

आणि संघटनेचे जे ओझे तरुण साथीला नकोसे वाटते त्याविषयी. पत्री सरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, सावकारी व गुंडगिरी यांना आळा घातला, कमी खर्चाची लग्ने लावली. त्यात पुष्कळ कंटाळवाणे काम होते; बैठका होत्या, भांडणे होती, हिशेब होते. तीन आठवडे 'अपलिंक' खेळूनही मला दुसऱ्या एजंटाला साधा निरोप धाडण्याचा मार्ग सापडला नाही. इतर एजंट आहेत, हे श्रेणीच्या यादीवरून कळते. ती नावे आपल्या वर किंवा खाली असतात, एवढाच त्यांचा आपला संबंध. त्यांपैकी कोणी पकडला गेला तर ती फक्त एक बातमी. दर एकजुटीने ठरवू, खोटा गुन्हा चढवण्याचे काम कोणीच घ्यायचे नाही असे ठरवू, असे त्यांना सांगायचे ठरवले तरी सांगणार कसे?

हे सारे मी त्या साथीला घरी बोलावून सांगितले. तो सहजी ऐकणारा नाही, आणि ते मला आवडते. "सर, तुम्ही खेळाचा हिशेब मांडलात, पण तो खेळताना जे वाटतं त्याचा हिशेब कुठाय?" असे तो म्हणाला. बंद दार उघडते तेव्हाचा तो आनंद, आपण कोणीतरी आहोत ही जाणीव, ती चळवळीत आज आम्हांला कुठे मिळते, असा त्याचा सवाल होता. तो सवाल रास्त आहे. सतरंज्या उचलायला लावून आपण जी पिढी घालवली तिचा दोष 'इंट्रोव्हर्जन'वर टाकता येणार नाही. मी त्याला उत्तर दिले नाही. वही त्याच्या हाती दिली आणि तुझ्या डावाची अशीच नोंद ठेव, असे सांगितले.

पुढच्या अभ्यासवर्गात तो खेळ मोठ्या पडद्यावर लावणार आहे. दोन्ही वह्या समोर ठेवू, आणि ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्या एका साथीलाही त्या दिवशी बोलवायचे ठरले आहे. मुकादमाने लिहून घेतलेली उचलीची चिठ्ठी त्यांच्याजवळ आहे, ती ते आणतील. तारीख दिवाळीआधीची धरावी लागेल. दिवाळीनंतर त्यांची माणसे तोडीला निघतात.